तांबीच्या लेकी

॥ श्री मार्तंड प्रसन्न ॥

माळवस्ती, चाकण
सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. उद्धवदादांस,
धाकट्या भागूचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. फोनवर तुम्हाला नुसती घरघर ऐकू येते, आणि मी ओरडून बोलले की शेजारणींना वाटतं आमच्याकडे भांडण लागलं. बत्तीस वर्षं भोसरीत प्रेसवर उभं राहून तुम्ही दोन्ही कान कंपनीला देऊन आलात. तेव्हा आता आपलं लिहिणंच बरं.

बातमी अशी की परवा शनिवारी आमची तांबी कुत्री व्याली. कांद्याची चाळ रिकामीच आहे, तिथे कोपऱ्यात माती उकरून तिने जागा केली. पिलं किती ते विचारू नका. आपल्या तात्यांची शिकवण तुम्हाला माहीत आहे, डोळे उघडेपर्यंत पिलं मोजायची नाहीत, हात लावायचा नाही, पोटाखाली तर बघायचंच नाही. मी लांबूनच पेज ठेवते आणि परत फिरते.

चैत्रात उसातून बिबट्या आला होता तो शेळ्यांच्या गोठ्यापाशी तांबीने अडवला, हे तुम्हाला सांगितलंच आहे. तिचा एक कान फाटला, पण शेळी एकही गेली नाही. तेव्हापासून पंचक्रोशीत तिचं नाव झालंय. दोन दिवसांत मी चार जणींना पिलाचा शब्द दिला. काल कळलं की ह्यांनीही दूध घालायला गेल्यावर डेअरीवर पाच जणांना देऊन टाकलाय. एकमेकांना विचारायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला कधी लिहिली नव्हती. मागच्या वर्षी मी डेंग्यूने चार दिवस दवाखान्यात होते, तेव्हा तांबीची तीन पिलं होती, तिन्ही माद्या. कुणी घेईना म्हणून ह्यांनी ती एका टेम्पोवाल्याकडे दिली आणि हायवेच्या एका हॉटेलापाशी सोडायला सांगितली. मी घरी आले तर तांबी प्रत्येक पोत्याखाली नाक घालून बघत होती. आठ दिवस तिचं तेच चाललं. त्या दिवसापासून ती ह्यांच्या हातचं खात नाही. ताटलीत भाकरी टाकून ते मागे सरले की मगच तोंड लावते.

मी ह्यांच्याशी बोलते, हसते, डबा करून देते, पण मनातली ती गाठ काही सुटत नाही. या खेपेला सांगून ठेवलंय की तांबीचं एकही पिलू हायवेवर जाणार नाही.

वहिनींच्या फोटोला माझा नमस्कार सांगा. सूनबाईंना आशीर्वाद. थंडी पडायला लागली आहे, कानटोपी घालत जावी आणि बहिणीवर माया राखावी.

आपली,
भागू


सांगवी
शनिवार, २६ ऑक्टोबर

चि. भागूस,
उद्धवदादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग सूनबाई स्वप्नालीने वाचलं, आणि तिला हसू आवरेना. पिलं अजून मोजली नाहीत आणि नवराबायकोने नऊ जणांना वाटूनही टाकली. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात ते हेच.

आता माझी चूकही कबूल करतो. तुझी तांबी गाभण आहे हे कळल्यावर मीही दोघांना शब्द देऊन बसलोय. एक आमच्या सोसायटीचा रखवालदार, त्याला नाही म्हणता येईल. दुसरे दापोडीचे अर्जुनराव. ते आमचे फोरमन होते. एक्याण्णव साली माझा हात प्रेसखाली जाता जाता त्यांनी मला कॉलरला धरून मागे ओढलं. हे पत्र दोन हातांनी लिहितोय ते त्यांच्यामुळे. आता त्यांनी शेलपिंपळगावला चार गुंठे घेतलेत आणि राखणीला कुत्रं हवंय म्हणतात. तेहेतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट आहे.

म्हणजे एकूण अकरा झाले. तांबीला सांग, जरा मनावर घे.

मागच्या वर्षीचं वाचून वाईट वाटलं. दौलतराव मनाने वाईट नाहीत, पण केलं ते चूकच केलं. तू मला त्यांची बाजू घ्यायला सांगितलेली नाहीस, मी घेणारही नाही. भाऊबीजेला रविवारी येतोच आहे. करंज्या जास्त कर, आणि तेव्हा डोळे उघडले असतील तर पिलंही बघू.

तब्येतीला जप. पत्राला उत्तर द्यायला आळस करू नये, ही थोरल्या भावाची ताकीद समजावी.

तुझा,
दादा


माळवस्ती, चाकण
शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ती. स्व. दादांस,
भागूचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेला तुम्ही चष्मा पुसून एकेक पिलू उचलून पाहिलंत आणि चार मुली, एक मुलगा असं जाहीर केलंत. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तुम्ही इतक्या मोठ्याने बोलता की पलीकडच्या खोल्यांमधल्या भाडेकरूंनाही कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत वस्तीभर झालं होतं.

मग एकेकजण येऊ लागला. शेजारची गोजाबाई, तिच्या कोंबड्या मुंगसाने नेल्यात म्हणून तिला पिलाची घाई होती. ती म्हणाली, मला कुत्रा असंल तर दे बाई, कुत्री नगं, दर साली पिलावळ कोण निस्तरणार. पलीकडच्या गोदामावरचा रखवालदार बन्सी परभणीकडचा आहे. तो म्हणाला, काकू, कुत्रीला काय राखण जमतंय व्हय. मी त्याला गोठ्याजवळ नेलं, तांबीचा फाटका कान दाखवला आणि विचारलं की हिला काय समजतोस. तो खाली बघून हसला, पण कुत्राच पायजे हा हेका काही सोडला नाही.

डेअरीवरच्या पाचांपैकी चौघांनी नाहीच कळवलं. पाचवा म्हणतो चंपाषष्ठीला बघू. राहिलेले सगळे त्या एका मुलावर डोळा ठेवून आहेत. त्याला उचलायला दहा हात आणि चौघींना विचारायला कुणी नाही.

रात्री जेवताना हे म्हणाले की गेल्या साली मी काय वेगळं म्हणत होतो. मी ताटावरून उठले. त्यांना बोलल्यावर वाईट वाटलेलं दिसलं, पण बोललेलं परत थोडंच घेता येतं.

पिलं मात्र मजेत आहेत. कालपासून चाळीच्या बाहेर यायला लागली. थोरली सगळ्यांच्या अंगावर चढून आचळाला पोचते. धाकटी अगदीच बारीक, पण तिला ह्यांच्या चपलेचं वेड लागलंय. चप्पल ओढत नेते आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपते. हे निघायच्या वेळी अनवाणी उभे असतात आणि तिला हुसकावतही नाहीत.

चंपाषष्ठीला महिना उरला. तात्यांच्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी पिलं द्यायची आहेत, तांबी ज्याच्या हातचा घास खाईल त्याला. काही सुचत असेल तर लिहा. माया आहेच, ती पत्रातूनही येऊ द्यावी.

आपली,
भागू


सांगवी
बुधवार, १३ नोव्हेंबर

चि. भागूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला सुचलं आहे. चंपाषष्ठीला लोक येतील. पिलं आधीच खणात गुंडाळून ठेव. तांबीला घास भरवला की ज्याच्या त्याच्या हातात गुंडाळी दे, आणि देवाचं आहे म्हणून घरी जाईपर्यंत सोडू नका असं सांग. घरी गेल्यावर पोरं जीव लावतात, मग परत कोण आणतंय.

हे स्वप्नालीला सांगितलं तर तिने पाटीच लिहून माझ्यापुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं की बाबा, ही फसवणूक आहे. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच लिहिते.

अर्जुनराव दोनदा येऊन गेले. त्यांनाही कुत्राच हवाय. मी काही ऐकू येत नसल्यासारखी मान हलवत राहिलो. बहिरेपणाचा इतका उपयोग मला कधी झाला नव्हता. पण भागू, त्यांना नाही म्हणायची माझी छाती नाही. मुलगा त्यांच्यासाठी राखता आला तर बघ.

बाकी ठीक. उत्तराची वाट पाहत असलेला,
दादा


माळवस्ती, चाकण
मंगळवार, १९ नोव्हेंबर

ती. स्व. दादांस,
भागूचा शि. सा. न. वि. वि.

सूनबाईंनी लिहिलं तेच बरोबर आहे. तात्यांनी आम्हा दोघींना, मला आणि ताईला, चारचौघांसमोर उजेडात दिलं, खणात गुंडाळून नाही. तांबीच्या लेकीही तशाच जातील.

पण तुमच्या पत्रामुळे मला दुसरं सुचलं. काल गोजाबाई, बन्सी आणि तो पाचवा डेअरीवाला तिघेही एकदम आले आणि मुलगा कुणाचा यावरून त्यांची जुंपली. मी म्हटलं, आपल्यात रीत काय आहे? आधी लेकी उजवायच्या, मग मुलाचं बघायचं. बहिणी घरात असताना कुणी भावाचं लग्न काढतं का? चौघी चांगल्या घरी पडल्याशिवाय मुलाचं नाव काढायचं नाही. ज्याला तो हवा त्याने आधी लेकींना घरं शोधावीत.

यात कुणाला खोड काढता येईना, कारण तिघांच्याही घरात हेच होत आलंय. गोजाबाईने तर नणदा उजवेपर्यंत दिराच्या लग्नासाठी सहा वर्षं कळ काढली आहे.

दादा, आज सकाळपासून बन्सी थोरलीला शर्टात घालून खोल्याखोल्यांतून फिरतोय. कंपनीच्या पोरांना म्हणतो, बगा की, कशी गुणाची हाय. परवापर्यंत कुत्रीला राखण जमत नाही म्हणणारा हाच. तनुजा म्हणून एक तरुण बाई आमच्या खोलीत खाणावळ चालवते, दोन शिफ्टच्या पोरांना डबे देते. तिला त्याने पटवलं. ती म्हणाली, कुत्री काय आणि कुत्रा काय, माझ्या दारात भलता माणूस आला तर भुंकली म्हणजे झालं.

एक अडचण राहतेच. गोजाबाई म्हणते ते खोटं नाही, माद्या ठेवल्या की दर वर्षी पिलं आलीच. हे ऐकून हे म्हणाले की प्रश्न तिथंच येऊन अडतो, भागा, मी काही राक्षस नाही. मी ते ऐकून घेतलं.

अर्जुनरावांचा हिशेब माझ्या ध्यानात आहे. पण रीत त्यांच्यासाठीही तीच. रागावू नये, लोभात उणे पडू देऊ नये.

आपली,
भागू


सांगवी
बुधवार, २७ नोव्हेंबर

चि. भागूस,
दादाचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

रीत कबूल. तुझ्यापुढे तात्यांचंही चालत नव्हतं.

अडचणीवर तोड निघाली. स्वप्नालीने चौकशी केली. मादी सहा-सात महिन्यांची झाली की तिचं ऑपरेशन करतात, मग पिलं होत नाहीत, आणि राखणीलाही काही फरक पडत नाही. दोन दिवस ठेवून घेतात. मी स्वतः जाऊन बघून आलो. डॉक्टरीणबाई माझ्या कानाशी ओरडून ओरडून थकल्या, शेवटी त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं.

तू सगळ्यांना असं सांग की ऑपरेशन माहेरचं. लेकी तुझ्या, म्हणजे मी त्यांचा मामा. मामाने भाचीला बोहल्यापर्यंत न्यायचं असतं, मी दवाखान्यापर्यंत नेईन आणि परत सासरी पोचवीन. चौघींचंही. माझ्याकडे वेळच वेळ आहे. खरं सांगायचं तर बऱ्याच दिवसांत कुणी मला काही काम सांगितलं नव्हतं, त्यामुळे मला बरं वाटतंय.

चंपाषष्ठीला इथेही घरची तळी आहे, म्हणून येता येणार नाही. अर्जुनरावांना मात्र पाठवतो. त्यांना रीत समजावली. ते म्हणाले, उद्धव, थांबेन.

भरतात मिरची बेताने घाल. सर्वांना यथायोग्य.

तुझा आणि आता चार भाच्यांचा,
दादा


माळवस्ती, चाकण
सोमवार, ९ डिसेंबर

ती. स्व. दादांस,
भागूचा शि. सा. न. वि. वि.

चंपाषष्ठी पार पडली. सगळं सविस्तर लिहिते, नाहीतर तुम्ही अर्जुनरावांकडून अर्धंच समजून घ्याल.

तळी उचलून झाली, भंडारा उधळला. मग सगळ्यांना अंगणात बसवलं. प्रत्येकाने घरून रोडगा आणि भरीत आणलं होतं. तात्यांची रीत मी नव्याने सांगितली, की पिलाच्या आईने ज्याच्या हातचं खाल्लं त्यालाच पिलू मिळेल. एका रोडग्याला एक पिलू.

पहिली तनुजा आली. तांबीने तिच्या हातचं गपकन खाल्लं, दुसरी लेक खाणावळीत गेली. मग गोजाबाई. मामा ऑपरेशन करणार हे कळल्यापासून तिचा सूरच बदललाय. तिसरी तिच्याकडे. मग बन्सी उठला. मला वाटलं मुलासाठी बसून राहील. पण त्याने रोडगा पुढे केला आणि थोरलीकडे बोट दाखवलं. पंधरा दिवस तिला घेऊन घरं शोधत फिरला, आता दुसऱ्याला द्यायला जीव होईना म्हणतो. सगळे हसले आणि तोही हसला, पण डोळे पुसत.

डेअरीवाला आलाच नाही. म्हणजे धाकटी राहिली, आणि ती राहिली म्हणून मुलगाही अडला. अर्जुनराव नारळ घेऊन पहिल्या ओळीत बसले होते. ते म्हणाले की ताई, दोन्ही देऊन टाका. माणूस फार चांगला आहे, पण ते हे बोलले तेव्हाही त्यांची नजर मुलावरच होती. उपकार म्हणून नेलेल्या लेकीचं काय होतं ते मी पाहिलंय. मी हात जोडून नाही म्हटलं. तुमच्या शब्दासाठी मला वाईट वाटलं, दादा.

तेवढ्यात हे उठले. चुलीजवळचा रोडगा घेतला, त्यावर भरीत घातलं आणि तांबीपुढे जाऊन बसले. म्हणाले, धाकटी घरीच राहू दे. माझ्याकडं. आणि हात पुढे केला.

तांबीने वास घेतला. मग मान फिरवली आणि चाळीकडे निघून गेली. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी एक शब्द बोलले असते तर रीत मोडली असती आणि सगळं मिटलं असतं. मला त्यांची कीव आली, आणि झालं ते बरं झालं असंही वाटलं, दोन्ही एकदमच. मी एवढंच म्हटलं की आज नाही खाल्लं, उद्या बघा.

अर्जुनराव रिकाम्या हाताने गेले. जाताना म्हणाले, थांबेन. त्यांना माझा नमस्कार सांगावा. आपल्या मायेची नेहमीच गरज असलेली,

भागू


माळवस्ती, चाकण
शुक्रवार, २० डिसेंबर

रा. रा. उद्धवराव यांस,
दौलतरावाचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायची सवय नाही. चुकलं तर संभाळून घ्या.

तेरा दिवस झाले. रोज रोडगा भाजतो. भागा करून देत नाही, म्हणते ज्याचा त्यानं भाजावा. पहिले चार जळाले. शेणीचा विस्तव कसा असावा ते आता कळलं. दूध घालून आलो की चाळीपुढं बसतो आणि हात पुढं करतो. तांबी बघते आणि जाते. धाकटी माझ्या मांडीवर येऊन बसते. तिला आईचं काही ठाऊक नाही.

एक गोष्ट भागाला सांगितली नव्हती, ती परवा सांगितली, तुम्हालाही सांगतो. मागच्या साली पिलं सोडली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्या हॉटेलावर गेलो होतो. परत आणायला. मालक म्हणाला, दोन एका ट्रकवाल्यानं नेली. तिसऱ्याचं मी विचारलं तर तो गल्ल्यातले सुटे पैसे लावत बसला. मी पुन्हा विचारलं नाही. घरी येऊन काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं. भागा ऐकून घेऊन आत गेली. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

आता कामाचं. आज सकाळी तांबी उठून माझ्याजवळ आली. हातातला रोडगा दातात धरला. माझ्या हाताला तिचं नाक लागलं. पण तिनं तो खाल्ला नाही. धाकटीपुढं नेऊन ठेवला आणि ती खाईपर्यंत बाजूला उभी राहिली. मग माझ्यापासून हातभर अंतरावर बसली. अजून बसली आहे.

तर हे खाल्लं धरायचं का नाही? रीत तुमच्या वडिलांची, म्हणून तुम्हाला विचारतो. धरलं तर धाकटी माझी आणि मुलगा तुमच्या अर्जुनरावांचा, म्हणजे तुमचाही त्यात स्वार्थ आहे, हे मला कळतं. पण दुसऱ्या कुणाला विचारू? नाही धरलं तरी माझी तक्रार नाही. उद्याचं पीठ मळून ठेवलंय.

आपला लोभ मी मागावा असं काही केलेलं नाही. तुम्ही द्याल तेवढा घेईन.

आपला,
दौलतराव

ता. क.
दादा, पाकिटात घालायला म्हणून पत्र माझ्याकडे दिलं आणि मी वाचलं. तुम्ही मामा आहात, काय ठरवायचं ते सावकाश ठरवा. अर्जुनरावांना मात्र आजच निरोप द्या की पुढच्या रविवारी येऊन मुलगा घेऊन जावा.
मी धरलंय.
भागू